तारामतीच्या हाती कॅमेरा

महोदय,

३० एप्रिल, म्हणजे दादासाहेब फाळके यांची जयंती जवळ आली की ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती एका पुरुषाने केली होती, हा किस्सा हमखास निघतो. लोक हसतात, विषय संपतो. ती भूमिका करणाऱ्या अण्णा साळुंके यांच्यावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके यांना दादासाहेबांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणलं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच. पुढे ते छायाचित्रकार झाले, हे मात्र फार कुणी सांगत नाही. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पळत सुटत. साडी नेसून त्याच कॅमेऱ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाने तो दांडा हाती घेतला!

हे आठवलं भाचीमुळे. राज्य नाट्य स्पर्धेत चार वर्षं कामं केली आणि एक दिवस म्हणाली, “मावशी, मला आता शूट करायचंय.” घरात पहिला प्रश्न आला, “का गं, अभिनय जमला नाही वाटतं?” पोरीचा चेहरा उतरला. मलाही ते फार लागलं.

गेल्या हिवाळ्यात तिचं शूटिंग पाहायला पहाटे रामकुंडावर गेले. समोरची मुलगी नवखी होती, ऊन डोळ्यांवर आलं की वाक्य विसरायची. भाची तिला काही बोलली नाही. कॅमेरा मैत्रिणीकडे दिला, स्वतः त्या ओल्या पायरीवर उभी राहिली, वाक्य म्हणून पाहिलं आणि दोन पावलं सरकून तिथे झेंडूचं फूल ठेवलं. “इथे उभी राहा, इथे त्रास नाही होणार.” पुढच्या टेकला वाक्य नीट आलं. स्वतः उन्हात उभं राहून वाक्यं म्हटल्याशिवाय हे सुचत नाही.

माझी कळकळीची विनंती आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात यंदाच्या जयंतीला हौशी नाट्यसंस्थांमधल्या मुलामुलींना दिवसभर कॅमेरा हाताळायला द्यावा आणि सुरुवातीला त्यांना छायाचित्रकार अण्णा साळुंके यांची ओळख करून द्यावी.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक