अख्ख्या गोऱ्ह्याचा हिशोब

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांनी फोनवर माझ्या कादंबरीबद्दल दोन गोष्टी विचारल्या. दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी म्हणजे शेवटी कुणीतरी मरणार का, आणि शेफ नि रँचर (मोठ्या कुरणावर गुरं पाळणारा) ही जोडी कुठून सुचली. दोन्हीचं उत्तर सविस्तर लिहितो, म्हणजे हस्तलिखित वाचताना कुठे अडायला होणार नाही.

कुणी मरत नाही. रोमान्स या प्रकारात शेवटी दोघं एकत्र असणं ही अटच आहे. अशा जोडप्यांच्या वाट्याला गोष्टींमधून इतकी वर्षं मरण नाहीतर ताटातूटच आली, म्हणून ही अट मला फार मोलाची वाटते. शेवट आधीच ठाऊक असला तरी वाचक पानं उलटतो, कारण दोघं तिथवर पोचतात कसे ते त्याला बघायचं असतं.

जोडी सुचली ती हिशोबातून. कथा अमेरिकेतल्या माँटानात घडते. शेफला हवं असतं टेंडरलॉइन, म्हणजे कण्याखालचा सगळ्यात मऊ स्नायू. 600 किलोचा खच्ची केलेला गोऱ्हा कापला की साधारण 370 किलोचं धड मिळतं, त्यातून विकण्याजोगं मांस 230 किलोच्या आसपास. टेंडरलॉइन दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम पाच किलो. मग बाकीचं कोण घेणार? पहिलं भांडण इथं होतं. पुढे शेफ अख्खा गोऱ्हा घ्यायला तयार होतो आणि त्याला मेन्यूच बदलावा लागतो. पायाच्या नळीचं मांस तीन-चार तास मंद आचेवर ठेवावं लागतं, कारण त्यातल्या कोलॅजनचं, म्हणजे चिवट तंतूंचं, मऊ जिलेटिन व्हायला तेवढा वेळ जातो. घाई केली की चिवट. तोवर दोघांनी एकमेकांचा हातही धरलेला नसतो, पण मेन्यू बदलला तिथंच प्रेमाची कबुली झाली, असं मी मानतो.

या विषयावर लिहिणारे एका जागी हमखास घसरतात. रँचर गोठ्यामागे जनावर कापतो आणि संध्याकाळी ते रेस्टॉरंटच्या ताटात! तिकडे हे चालत नाही. विकायचं मांस सरकारी तपासणी असलेल्या कत्तलखान्यातूनच यावं लागतं. मालकानं घरच्यासाठी कापून घेतलेल्या मांसावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. शिवाय धड एक ते तीन अंशांत दोन-तीन आठवडे टांगतात, तेवढ्यात मांसातली एन्झाइम्स ते मऊ करतात. मला हे तीन आठवडे फार उपयोगी पडले. ‘मांस कसं मुरतंय ते बघायला’ शेफ पुन्हा पुन्हा येत राहतो.

दोघांची घड्याळं मात्र जुळत नाहीत. शेफ रात्री एकला निजतो, रँचर पहाटे चारला उठतो. मार्चमध्ये गाई विण्याच्या दिवसांत तर रँचर रात्रीही दर दोन-तीन तासांनी फेरी मारतो, आणि दोघं जागे सापडतात ते मध्यरात्री, गोठ्यात. तिथं पहिलारू कालवड अडलेली आहे. पाय दिसतायत, पण तळवे वरच्या बाजूला. म्हणजे बहुधा मागचे पाय आधी आलेत. दोर खुराच्या वरच्या सांध्यापलीकडे एक वेढा आणि सांध्याखाली एक, असा दुहेरी बांधायचा. एकच वेढा घातला तर हाड मोडू शकतं. कंबर बाहेर आली की थांबायचं नाही, कारण नाळ दबून वासरू आतच श्वास घ्यायला लागतं. मग पहिल्या काही तासांत चीक पोटात जायलाच हवा. बाटलीतला चीक शेफ स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघतो. त्या थेंबावर मी एक अख्खं पान दिलंय.

साल 2016 घेतलं, तेही विचार करून. माँटानाच्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा 1997 मध्ये रद्दबातल केला. लग्नाची मुभा 19 नोव्हेंबर 2014 ला मिळाली. त्यामुळे माझ्या रँचरला पोलिसांची भीती नाही, त्याला धास्ती आहे शेजाऱ्यांची. वासरांना डाग देण्याच्या दिवशी आजूबाजूचे लोक मदतीला येतात, आणि त्या सगळ्यांना जेवण यजमान घालतो. या वर्षी कुणी आलंच नाही तर? शेफ वीस माणसांचा स्वयंपाक करून ठेवतो. किती जण येतात ते इथं सांगत नाही.

बाबा, खाजगी प्रसंग प्रकरण 14 आणि 19 मध्ये आहेत. नको वाटले तर वगळा, पण 19 मधला शेवटचा संवाद तेवढा वाचाच. आई, तुझ्यासाठी 16 पॉइंटाच्या अक्षरात, एका बाजूला छापलेली प्रत काढली आहे. मागची कोरी पानं तुझ्या खुणांसाठी. स्वयंपाकाच्या भागात काही खटकलं तर पेन्सिलीनं लिही. दुरुस्त्या मला महिनाअखेरीपर्यंत मिळाल्या तर बरं.

तुमचा,
धाकटा