येणे बाकी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू बोलता बोलता थांबलास आणि म्हणालास, "अण्णा, सगळं आहे, पण मन भरत नाही." मी "जेवत जा वेळेवर" एवढंच बोललो. पण ते वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. म्हणून हे पत्र.

काकांशी वाटणी झाली तेव्हा तू चौथीत होतास. विहिरीकडचा तुकडा त्यांच्याकडे गेला. त्यानंतर नऊ वर्षं मी दुकानात बसून दोन वह्या लिहिल्या. एक उधारीची, लाल कापडी बांधणीची, ती तू पाहिली आहेस. दुसरी मनातली. कोण काय बोललं, कोणी माझं किती खाल्लं, कोणाचं घर दोन मजली झालं. दुकान चांगलं चालत होतं. पत्रे काढून स्लॅब टाकला, फ्रिज आला. तरी रात्री दिवा मालवला की ती दुसरी वही उघडायची.

तुकोबाराय आपल्यासारखेच दुकानदार. देहूत घरची महाजनकी, सावकारी. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आला, थोरली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळेच सांगतात. मला त्याच्या आधीची गोष्ट मोठी वाटते. त्यांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला, आणि नदीत सोडला तो फक्त आपला. दुसऱ्याच्या संसारावर आपलं वैराग्य लादलं नाही. स्वतःही बायकोमुलांत देहूतच राहिले. आणि पाण्यात सोडलं ते काय, तर लोकांकडचं येणं.

मी पहिल्या वारीला निघालो तो मात्र पांडुरंगाकडे येणं वसूल करायलाच. पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला पोचेतो पाय सुजून चप्पल चढेना. द्वादशीला सकाळी आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या एक आजी मंदिराच्या दाराशी, नामदेव पायरीशी आल्या, डोकं टेकलं, मागे सरून कळसाकडे पाहिलं, चुरमुऱ्याची पुडी पिशवीत घातली आणि मला एसटी स्टँडची वाट विचारली.

"माउली, आत नाही यायचं?"

"त्यानं पाहिलं की मला. रान वाफशावर आलंय, घरी जायाला पायजे."

एवढी वाट तुडवून आलेली बाई, आणि चेहऱ्यावर काही राहून गेल्याची खूण नाही. पोटभर जेवून उठल्यासारखी चालत गेली. मी बारीत उभा राहिलो. रात्री कधीतरी आत पोचलो. तुळशीचा वास, विटेवरची ती गार पावलं. त्यावर कपाळ टेकलं आणि वाटभर घोकलेलं मागणं आठवेचना. डोळे नुसते वाहत होते. मागून कुणीतरी "चला माउली" म्हणालं, तेव्हा उठलो.

घरी आल्यावर प्रसाद घेऊन काकांकडे गेलो. नऊ वर्षांनी. त्यांनी विहिरीचंच पाणी दिलं प्यायला.

बाळा, फ्लॅट वीक, नोकरी सोड, माळ घाल, असं मी सांगत नाही. बढती मिळाली तर आनंदानं घे. घर ऊन-पाऊस अडवतं, पगार हप्ता भागवतो, त्यांनी तेवढं केलं की झालं. तू त्यांच्याकडून मन भरून मागतोस, ते त्या बिचाऱ्यांनी आणायचं कुठून? ते विठ्ठलापाशी माग. मागायला गेलास की कदाचित तुलाही आठवणार नाही, काय मागायचं होतं ते.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी निघते. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्काम असतो. हिंजवडीहून ऑफिस सुटल्यावर ये. रजा मिळाली तर पुढच्या टप्प्याला लोणी काळभोरपर्यंत माझ्याबरोबर चाल. जुनी चप्पल घाल, नवी चावते. आईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू केलेत, ते मी पिशवीत घेतोच आहे.

तुझे,
अण्णा