पीसीच्या कोटेशनमध्ये एसएमपीएसचे अँपिअर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अॅडमिशन झाली की घरोघरी मुलांना असेंबल्ड पीसी घेतला जातो, कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळ्यांची मॉडेल असतात आणि शेवटी नुसतं "कॅबिनेट विथ एसएमपीएस", बस्स. एसएमपीएस म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, ज्याच्यावर अख्खी मशीन चालते त्याचं नावसुद्धा नाही, हे मला अजिबात पटत नाही.

मग होतं काय, वर्ड, ब्राउझर सगळं मस्त चालतं आणि गेम किंवा रेंडर लावला की पीसी धाडकन रिस्टार्ट, आणि लोक विंडोज परत टाकत बसतात, रॅम बदलतात, पण बऱ्याचदा एसएमपीएसच कमी पडत असतो.

खरं तर हिशोब सोपा आहे. आय-५ १२४०० प्रोसेसर फुल लोडला ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड १७० वॅटचं, बोर्ड, एसएसडी, पंखे मिळून अजून ५०-६० धरा, म्हणजे झाले साधारण ३५०. यातलं जवळजवळ सगळं १२ व्होल्टच्या लाइनवरून जातं, म्हणून बॉक्सवरचा मोठा आकडा सोडा आणि एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा, त्याला १२ ने गुणा. तिथे १६ असेल तर १९२ वॅटच झाले, बाहेर ४५० छापलेलं असलं तरी! ३.३ आणि ५ व्होल्टचे वॅट त्यात मिळवून बेरीज फुगवलेली असते, आजच्या पीसीला ते फारसे लागतच नाहीत. शिवाय कार्ड क्षणभर रेटिंगच्या बरंच वर उसळी मारतं, त्यामुळे काठोकाठ घेऊन चालत नाही, या कार्डाला त्याची चिप बनवणारी एनव्हिडिया स्वतः ५५० वॅटचा सप्लाय सांगते. आणि ८० प्लसचा स्टिकर वीज किती वाया जाते ते सांगतो, ताकद किती ते नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही.

जुन्या पीसीत कार्ड टाकणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. कार्डाला वीज देणारा ८ पिन कनेक्टर १५० वॅटसाठी असतो, तो एसएमपीएसला नाहीच म्हटल्यावर मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या प्लगचा) जोड लावून काम भागवतात, त्यात वायर तापून वितळू शकते.

दुकानदारांना विनंती एवढीच की कोटेशनवर आणि बिलावर एसएमपीएसची कंपनी, मॉडेल आणि १२ व्होल्टचे अँपिअर लिहा. ग्राहक संघटनांनीही हा विषय लावून धरावा, कारण पाच-सहाशे वाचवायला लावलेला एसएमपीएस जळताना बोर्ड आणि कार्ड घेऊनही जाऊ शकतो आणि "कॅबिनेट विथ एसएमपीएस" एवढ्यावर पालक भांडणार तरी कशाच्या जोरावर?

आपला,
एक वाचक, सांगली