गाड्यांच्या पानावर खरा स्पीड आणि खरं मायलेज छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांचं पान येतं ते मी नेमाने वाचतो, पण डिझेल एसयूव्हीबद्दल लिहिताना सनरूफ केवढं, स्क्रीन किती इंचाचा यावर अर्धं पान जातं आणि मायलेजच्या जागी कंपनीचा आकडा जसाच्या तसा छापून मोकळे. नागपूरकराला आता हे पुरत नाही हो. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, इथला माणूस शिवमडक्याला त्यावर चढला की तासन् तास १००-१२० नेच जातो, आणि त्या स्पीडला गाडी काय करते हे कोणीच सांगून नाही राहिलं.

आधी मीटरचं बघा. मीटर खऱ्या स्पीडपेक्षा थोडं जास्तच दाखवतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. बऱ्याच देशांत जो युनायटेड नेशन्सचा ३९ नंबरचा नियम चालतो त्यात मीटरने खऱ्या स्पीडपेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत माफ. म्हणजे गाडी खरी १०० ने जात असेल तर मीटरने ११४ दाखवलं तरी नियमात बसतं. प्रत्यक्षात फरक एवढा नसतो, पण असतो, आणि मोबाईलवर जीपीएसचा स्पीड लावला की लगेच दिसतो. सरळ रस्त्यावर एकाच स्पीडला जात असाल तर जीपीएस चांगला सांगतं, पिकअप घेताना मागे राहतं आणि बोगद्यात तर विचारूच नका. जीपीएस नको असेल तर बाजूला बसलेल्याने किलोमीटरचे दगड बघून घड्याळ लावावं, एका किलोमीटरला ३६ सेकंद लागले तर स्पीड १००, ३० लागले तर १२०. ड्रायव्हरने हा उद्योग करू नये.

आता गंमत अशी की हे कळल्यावर आपले भाऊलोक "मीटर जास्तच दाखवते, लाव १३०" असा हिशोब करतात. पण त्यात टायर येतो ना! मीटर चाकाचे फेरे मोजतं. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर असते आणि १.६ वर टायर बाद होतो, तेवढ्या झिजेने चाकाचा घेर जवळपास दोन टक्के कमी होतो आणि मीटर आणखी जास्त दाखवायला लागतं. उलट कोणी शोसाठी २०५/६५ आर १६ साइजचे टायर काढून मोठे २१५/६० आर १७ बसवले तर घेर अडीच टक्के वाढतो, म्हणजे मीटरवर १२० आहे म्हणून निवांत बसलेला माणूस कालपेक्षा ३ किमी जास्त स्पीडने जाऊन राहिला आहे, आणि कॅमेऱ्याला त्याचं मीटर दिसत नाही. यूट्यूबवर शून्य ते शंभरचे व्हिडिओ मीटरकडे कॅमेरा धरून काढतात तेही म्हणूनच फोल, कारण मीटरवर शंभर दिसले तेव्हा गाडी खरी शंभराला पोचलेलीच नसते, आणि डिझेल गाडीला शेवटचे चार-पाच किमी चढवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि नेमके तेच त्यात मोजले जात नाहीत.

मायलेजची कथा याहून मोठी. ह्युंदाई क्रेटाच्या दीड लिटर डिझेल मॅन्युअलचा कंपनीचा आकडा लिटरला २१.८ किमी आहे. तो खोटा नाही, पण ज्या टेस्टमध्ये हे आकडे निघतात ती रोलरवर होते, तिथे गाडी जास्तीत जास्त ९० ला जाते आणि सरासरी तर बत्तीस-तेहतीसची, म्हणजे रिंग रोडवरच्या बऱ्या दिवसासारखी. समृद्धीवर ८० चे १२० केले की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो, आणि या उंच गाड्या हवेला छाती देऊन चालणाऱ्या. डिझेलचा टॉर्क छान, चढावर, ओव्हरटेकला चार माणसं आणि सामान भरून काही वाटत नाही, मला स्वतःला म्हणूनच डिझेल आवडतं, पण १२० ला तो टॉर्क फुकट मिळत नाही. आणि ज्याचं चालणं फक्त शहरात, मनीषनगर ते सदर आहे त्याने बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातली, डिझेल गाडी घ्यावी की नाही हेही लिहा, कारण सायलेन्सरच्या लाइनमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते, नाहीतर दिवा लागतो आणि मग सर्व्हिस सेंटरच्या चकरा.

तर विनंती एवढीच की तुमच्या माणसाने गाडी दोन स्पीडला चालवून बघावी, खऱ्या १०० ला आणि खऱ्या १२० ला, मीटरवरच्या नाही. किलोमीटरही दगडांशी ताडून घ्यावे. डिझेल टाकी फुल ते टाकी फुल असं मोजावं, स्क्रीनवरच्या मायलेजवर जाऊ नये, आणि दोन्ही वेळा त्याच पंपावर फेस बसू देऊन भरावं, कारण डिझेल फेसाळतं आणि नोझल लवकर बंद होतं, तेवढ्यात लिटरभराचा घोळ होतो. टायर कुठल्या साइजचे होते, हवा किती होती तेही छापा. आणि हे सगळं मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात, एसी चालू ठेवून, डिसेंबरात काच खाली करून काढलेले आकडे आमच्या काय कामाचे.

आपला,
एक वाचक
मनीषनगर, नागपूर