कोबा भरण्याआधी

कोल्हापूर,
८ जानेवारी

प्रिय सुन्या,

तुझा नकाशा मिळाला. सगळ्या खोल्यांतून लाल पेन्सिलीनं नागमोडी रेघा मारल्यायस, त्या बघून आमच्या गवंड्यानं विचारलं, "सायेब, हे घर हाय का शेगडी?" हसलो, पण रात्री हिशोबाला बसलो. स्टुटगार्टात वीस वर्षं उबदार फरशीवर अनवाणी हिंडलास. आता परत येताना तेच सुख कळंब्याच्या घरात काकूंना द्यायचंय, हे कळतंय मला. तरीपण सगळ्या घरात फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकू नकोस. का ते सांगतो, रागावू नको.

तिकडं ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर तापवावंच लागतं. भिंतींना इन्सुलेशन, खिडक्यांना दुहेरी काचा, त्यामुळं फरशीखालून ३५-४० अंशांचं कोमट पाणी फिरवलं तरी भागतं. रेडिएटरला याहून बरंच कढत लागतं. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाशी या फरशीचं जमतं ते त्यामुळंच. युरोपच्या मानकात तर राहत्या खोलीतल्या फरशीला २९ अंशांची मर्यादाच आहे, बाथरूमला ३३. भट्टी नव्हे, नुसती ऊब.

आपल्याकडं जानेवारीत पहाटे पारा १४-१५ वर येतो आणि दहा वाजता स्वेटर खुंटीला जातो. कोबा तापायला काही तास लागतात. पहाटे पाचला ऊब हवी तर मध्यरात्रीच चालू करायला हवं; आणि तो पुरता तापतोय तोवर बाहेर ऊन. बटण बंद केलं तरी कोब्यातली उष्णता दुपारपर्यंत घरात येतच राहणार. त्यात आपल्या खिडक्यांच्या फटींतून वारा कसा येतो ते तू विसरलेला दिसतोस.

आता आकडे. तुझं घर १५०० चौरस फूट. दीडशे मिलिमीटरच्या अंतरानं नळी टाकली तर ९०० मीटरच्या आसपास लागते. एक वेटोळं १०० मीटरच्या पुढं नेत नाहीत, म्हणजे नऊ-दहा वेटोळी, त्यांना पाणी वाटून देणारा मॅनिफोल्ड, पंप, खाली इन्सुलेशन आणि वर सात सेंटिमीटर कोबा. त्या कोब्याचंच वजन चौरस मीटरला १४० किलोच्या घरात. वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये ते धरलेलं नाही. पैशाचं बोलतच नाही, ते तुझे आहेत.

"उन्हाळ्यात त्याच नळ्यांतून गार पाणी सोडू," असं लिहिलंयस. कल्पना वाईट नाही, मोठ्या ऑफिसांत करतात. पण तिथं हवेतला दमटपणा काढायची वेगळी सोय असते. आपल्याकडं मे महिन्यात वळीव पडून गेला की हवा दमट होते. गार फरशीला घाम सुटला आणि काकू घसरल्या, तर काय घेतोस?

काकूंवरून आठवलं. रविवारी सकाळी सहाला त्यांच्याकडं गेलो होतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत त्यांनी जुनी वाकळ दुमडून अंथरलीय. दोन मोजे चढवून त्यावरून जातात आणि दाराशी मोजे काढून ओल्या टाइलवर पाय टेकवताना भिंत धरतात. "बरफावर पाय दिल्यागत हुतंय रं," म्हणाल्या. मी टाइलवर हात ठेवला, मग वाकळेवर. दोन्ही एकाच घरात रात्रभर, तापमान जवळपास तेच. फरक इतकाच की टाइल तळव्याची ऊब भराभर ओढून घेते, वाकळ घेत नाही. मंगळवार पेठेतल्या तुमच्या जुन्या घराची सारवलेली जमीन म्हणूनच एवढी गार लागायची नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं: खोलीत जाडसर सतरंजी, आणि गरम करायचीच तर फक्त काकूंच्या बाथरूमची फरशी. टाइलखाली विजेची मॅट बसते, चौरस मीटरला १५० वॉटची. कमोड आणि कपाटाखाली ती घालायची नाही. उरते सव्वादोन चौरस मीटर जागा. पहाटे पाच ते आठ चालवली तर एक युनिट. टाइल पातळ, त्यामुळं अर्ध्या-पाऊण तासात पायाला कळतं. खाली इन्सुलेशनची पाटी मात्र हवीच, नाहीतर अर्धी ऊब स्लॅबच खाणार. वेगळी लाइन, वीज गळली की लाइन तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि फरशीचं तापमान बघणारा सेन्सर नळीत, बिघडला तर ओढून काढता येईल असा.

यात एकदा माझीच फजिती झालीय. एका बंगल्यात फरशीवाल्याच्या थापीची धार केबलला लागली. केबल शाबूत आहे का ते कळायला तिचा रेझिस्टन्स मोजतात. मी तो मॅट उघडल्यावर मोजला आणि थेट टाइल लागल्यावर. मधे एकदा मोजायचा तो राहिला, जेवायची घाई होती. चार टाइल फोडल्या, मालकीणबाईंनी चहासुद्धा विचारला नाही. तुझ्याकडं तीनदा मोजीन, कागदावर लिहून तुला पाठवीन.

काकूंना अजून सांगितलं नाहीये. सांगितलं तर आधी "बिल किती येणार" विचारतील आणि मग नकोच म्हणतील. ते तू फोनवर बघ.

बाथरूमची भिंत कोरायला गडी सोमवारी येतोय. मॅटच्या वायरीचा पाइप टाकायचा की नाही, ते रविवारी रात्रीपर्यंत कळव.

तुझा,
दिन्या