प्रकल्प सुरू होण्याआधी : शिक्षक व ग्रंथपालांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

या सत्राचे प्रकल्प लवकरच सुरू होतील, म्हणून पुन्हा एकदा आठवण. मागच्या खेपेला वटवाघळांवरच्या एका वहीत सुबक अक्षरात चार पानं उतरवलेली होती आणि मधेच ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ हेही. शेवटी संदर्भ म्हणून एकच शब्द : गूगल. दोष मुलीचा नाही. आपण तिला विषय दिला, प्रश्न दिलाच नाही.

तेव्हा यंदा नुसतं ‘वटवाघूळ’ देऊ नका. ‘वटवाघळाला अंधारात भिंत कशी कळते?’ असं विचारा. मुलांनी किमान दोन स्रोत पाहावेत, त्यातला एक छापील. दोन्हींत फरक दिसला तर तो लपवू नये, वहीत लिहावा. खरे गुण तिथेच द्यायचे आहेत. प्रत्येक नोंदीखाली लेखक, वर्ष, पान. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीखही. विकिपीडियाला बंदी नाही, पण तिथल्या तळटीपांपर्यंत जायला शिकवा.

शोधाच्या मध्यावर मुलं हमखास गोंधळतात. ग्रंथालयशास्त्राच्या अमेरिकन अभ्यासक कॅरोल कुल्थाऊ यांनी माहिती शोधण्याचे जे टप्पे मांडले, त्यात हा गोंधळ अपेक्षितच धरला आहे. त्या आठवड्यात ग्रंथालयाचा एक तास राखून ठेवा; तयार उत्तर मात्र हातात देऊ नका.

सजावटीचे गुण यंदा कमी. (पालकांची हस्तकला आपण पुरेशी तपासली!) कच्च्या नोंदींची वही प्रकल्पासोबतच घ्यायची आहे. ती नसेल तर प्रकल्प परत.

शंका असतील तर पहिल्याच आठवड्यात गटात विचारा.