मधुमेहींचा रक्तदाब उभे करूनही मोजावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभागृहात मधुमेह तपासणी शिबिर झाले. बोटाला सुई टोचून साखर पाहिली गेली, तळपायाला नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासली गेली, डोळ्यांसाठी वेगळी रांग होती, आणि रक्तदाब प्रत्येकाचा एकदाच, खुर्चीवर बसवून मोजला गेला. शिबिर चांगलेच होते, तक्रार त्याविषयी नाही. परंतु ज्या विकाराने माझ्या घरात जवळजवळ घात केला होता, त्याची साधी चौकशीही तेथे झाली नाही, म्हणून हे पत्र.

मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन आपल्या नकळत सांभाळणाऱ्या नसाही त्याच साखरेने झिजतात, याची कल्पना शिकल्यासवरलेल्या घरांतही नसते. डॉक्टर याला कार्डियाक ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी म्हणतात. मी डॉक्टर नाही. मुंबईतील एका रुग्णालयात २६ वर्षे मी ईसीजी काढण्याचे काम केले, आणि हा विकार मला प्रथम कागदाच्या पट्टीवर दिसला.

निरोगी तरुण माणसाच्या पट्टीवर दोन ठोक्यांमधले अंतर कधीच सारखे नसते. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. वयानुसार हा फरक कमी होत जातो हे खरे, पण पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह असलेल्या काही रुग्णांच्या पट्टीवर तो उरतच नसे. कागदावरचे बारीक चौकोन मोजले, तर प्रत्येक ठोक्यामागे तितकेच चौकोन, मोजपट्टीने आखल्यासारखे. सुरुवातीला मला अशी पट्टी देखणी वाटे. आमच्या विभागातील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी एकदा अशाच एका रुग्णाला मिनिटाला सहा, असे संथ आणि खोल श्वास घ्यायला लावून मला पुन्हा पट्टी काढायला सांगितली. श्वास घेतानाची सर्वांत जास्त आणि सोडतानाची सर्वांत कमी गती यांत मिनिटाला १५ किंवा अधिक ठोक्यांचा फरक पडायला हवा, १० किंवा कमी पडला तर नसा बिघडल्याचा संशय घ्यावा, असा यातला रूढ हिशेब आहे. त्या गृहस्थांचा फरक ३ आला. एडिंबरा येथील डेव्हिड युइंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत अशा पाच सोप्या चाचण्यांचा संच रूढ केला. तोच आजही वापरला जातो, आणि त्याला फारशी यंत्रसामग्री लागत नाही.

हृदयाला त्याच्या स्वतःच्या चालीवर सोडले, तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देते. व्हेगस ही नस लगाम खेचून त्याला ६० ते ८०च्या घरात ठेवते. मेंदूच्या तळापासून पोटापर्यंत उतरणारी ही नस फार लांब आहे, आणि मधुमेहाचा फटका लांब नसांना आधी बसत असल्याने बहुधा हाच लगाम प्रथम सुटतो. मग माणूस शांत बसलेला असतानाही नाडी ९५-१००च्या पुढे राहते. मुंबईत याचे स्पष्टीकरण तयारच असते : जिना चढून आलात, गाडीला गर्दी होती, टेन्शन घेता.

माझ्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत आम्ही नेमके हेच म्हणत राहिलो. त्यांना १९ वर्षांचा मधुमेह होता. एके संध्याकाळी दादर स्थानकाचा पूल चढताना त्यांना दम लागला, सदरा घामाने भिजला, छातीत मात्र कळ नव्हती. दुपारी खाल्लेला वडा बाधला असे समजून त्यांनी सोडा घेतला आणि नेहमीची गाडी पकडून ते घरी आले. तीन दिवसांनी पायांवर सूज दिसली, तेव्हा मी त्यांना आमच्या विभागात नेऊन स्वतः ईसीजी काढला. पट्टी बाहेर येऊ लागली तशा खोल क्यू लहरी, म्हणजे हृदयाचा काही स्नायू मेल्याच्या खुणा, दिसल्या. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. वेदना कळवणाऱ्या नसाच निकामी झाल्या असतील, तर हृदय ओरडणार कसे? मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी केवळ धाप, घाम, मळमळ किंवा अचानक आलेला थकवा हेच झटक्याचे लक्षण असू शकते, हे मला नोकरीमुळे माहीत होते, आणि तरीही घरच्या माणसाच्या बाबतीत मला ते सुचले नाही.

त्यातून ते वाचले, पण पहाटे लघवीला उठले की न्हाणीघराच्या दाराशी त्यांचा तोल जाऊ लागला. घरच्यांनी म्हातारपण म्हटले. ते ज्या दवाखान्यात जात, तेथे दर वेळी बसवून रक्तदाब घेतला जाई, तो चढलेला दिसे आणि गोळी वाढवली जाई. शिवाय प्रोस्टेटसाठी रात्रीची एक गोळी होती, जिने रक्तदाब आणखी उतरू शकतो. शेवटी मी घरीच त्यांना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घेतला, तो १४८/८६ होता. उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतला, तो ११२/७०. नाडी ९६ वरून केवळ ९८ झाली होती. उभे राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटात आणि पायांत उतरते. नसा शाबूत असतील तर त्या क्षणात रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी वाढवतात. येथे दोन्ही घडले नव्हते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याची दखल घ्यावी, हा सर्वमान्य निकष आहे. हे आकडे पाहिल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा आणि वेळा बदलल्या, उशाकडची बाजू उंच करायला सांगितली, आणि उठताना आधी काठावर पाय सोडून बसण्याची सवय लावली. गोळ्या कोणीही परस्पर बंद करू नयेत, हे येथे आवर्जून लिहिते.

झिजलेल्या नसा पूर्ववत करणारे औषध नाही. टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही त्या प्रकारात, साखर आरंभापासून काटेकोर ठेवल्यास हा विकार लांबतो, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासातून पुढे आले. टाइप २ मध्ये, म्हणजे बहुधा मोठेपणी जडणाऱ्या नेहमीच्या प्रकारात, इतके स्पष्ट यश दिसलेले नाही, आणि वयस्कर रुग्णांची साखर फार खाली खेचण्यात धोकाही असतो, कारण साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड आणि थरथर याच विकारात क्षीण होऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांनाही हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची शिफारस अशी आहे की टाइप २ च्या रुग्णांत निदान होताच आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर या विकाराची लक्षणे दर वर्षी तपासावीत. देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचे आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मधील अहवालाने दाखवले. त्या प्रत्येकाची पट्टी काढा असे मी म्हणणार नाही. ओपीडीत डॉक्टरांच्या वाट्याला रुग्णामागे किती मिनिटे येतात, हे मी जवळून पाहिले आहे. पण रुग्ण बाकावर तासभर बसलेला असतो, त्या वेळात परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला ही मोजणी सहज करता येईल. महापालिकेच्या दवाखान्यांत, ‘आपला दवाखाना’सह, मधुमेहींच्या केसपेपरवर ‘आडवे’ आणि ‘उभे’ असे दोन रकाने असलेला रबरी शिक्का मारला, तरी रिकामा रकाना डॉक्टरांच्या डोळ्यांना खुपेल. पालिकेच्या आरोग्य विभागाने एवढे करून पाहावे.

आमच्या शिबिराच्या संयोजकांना मी हे सुचवले, तेव्हा सभागृहात रुग्णाला आडवे करायला जागा नाही, असे उत्तर मिळाले. पुढच्या शिबिराला मी घरची घडीची खाट घेऊन जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ,
भांडुप (पूर्व), मुंबई